तंजावरची छत्रे आणि प्रसूतिवेदनेचा प्रशासकीय इतिहास

प्रशासनाचा इतिहास लिहिताना आपली दृष्टी बहुधा जमीनमहसूल, न्याय, पोलीस आणि पाटबंधारे या खात्यांवर स्थिरावते. बाळंतपण हा विषय घराच्या आतल्या खोलीतला, सुईणीच्या आणि वडीलधाऱ्या बायकांच्या अखत्यारीतला मानला गेल्यामुळे त्याची दप्तरात नोंद क्वचितच आढळते. तरीही राज्यसंस्था आणि बाळंतीण यांचा संबंध आपण समजतो तितका अर्वाचीन नाही. या संबंधाचा एक उल्लेखनीय पुरावा महाराष्ट्राबाहेरच्या मराठी राज्यात, तंजावरात सापडतो. प्रसूतिवेदना कमी करण्याचे आजचे सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे एपिड्युरल. ते सरकारी प्रसूतिगृहातील स्त्रीपर्यंत का पोहोचत नाही, या प्रश्नाचा विचार करताना मला हा दोनशे वर्षांपूर्वीचा पुरावा फार उपयोगी वाटतो. म्हणून हा लेखप्रपंच.

व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापन केलेले तंजावरचे मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले, हे वाचकांना ठाऊक असेलच. त्यातील सर्वांत विद्याव्यासंगी राजा म्हणजे दुसरे सरफोजी (१७७७-१८३२). सरस्वती महाल ग्रंथालयाचा विस्तार, छापखाना, नेत्रशस्त्रक्रियेच्या सचित्र नोंदी, आणि आयुर्वेद, सिद्ध, युनानी व युरोपीय वैद्यक यांना एकत्र आणणारा धन्वंतरी महाल ही त्यांची कामे प्रसिद्ध आहेत. मात्र १७९८ मध्ये गादीवर आलेल्या या राजाच्या हातून पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार गेला. महसूल व दिवाणी-फौजदारी अधिकार ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. राजाकडे किल्ला, त्याचा परिसर, ठरावीक नेमणूक आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले.

या हस्तांतरात एक प्रश्न निर्माण झाला. रामेश्वरच्या यात्रामार्गावर राजघराण्याने बांधलेली छत्रे कोणी चालवायची? छत्र म्हणजे केवळ धर्मशाळा नव्हे. त्याला जमिनी लावून दिलेल्या असत, त्यांचे उत्पन्न छत्राच्या खर्चासाठी राखून ठेवलेले असे, आणि नोकरवर्ग नेमलेला असे. नीडामंगलमचे यमुनांबा छत्र, ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र अशी राजस्त्रियांच्या नावांची छत्रे आजही त्या भागात परिचित आहेत. ही छत्रे आपल्याच व्यवस्थेत राहावीत, अशी विनंती करणारे पत्र सरफोजींनी १८०१ मध्ये कंपनीचे तंजावर येथील रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पाठवले. हे पत्र पुढे जतन झाले.

पत्राचा आशय थोडक्यात असा. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींपर्यंत येणाऱ्या प्रत्येक वाटसरूला छत्रात अन्न मिळते. शिजवलेले अन्न नको असेल त्याला शिधा मिळतो. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चालते. त्या वेळी घंटा वाजवून दवंडी दिली जाते की, अजून कोणी जेवायचे राहिले असेल त्याने यावे. छत्रात शिक्षक असतात, वैद्य असतात. परक्या मुलखातील अनाथ मुलांचे पालन व शिक्षण होते. आजारी प्रवाशाला बरा होईपर्यंत औषध आणि पथ्याचे अन्न दिले जाते. तान्ह्या मुलांना दूध दिले जाते. गरोदर स्त्रियांना अत्यंत मायेने वागवले जाते. छत्रातच प्रसूती झाली तर तिचा खर्च छत्र करते, योग्य औषधे दिली जातात, आणि बाळंतिणीला पुढे तीन महिने तेथे राहण्याची मुभा असते.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे सावध राहायला हवे. हे पत्र म्हणजे एका राजाची विनंती आहे. आपल्या ताब्यातून जाऊ पाहणाऱ्या संस्थेचे वर्णन तो उजळ करूनच सांगणार. प्रत्यक्षात किती स्त्रिया छत्रात बाळंत झाल्या, हे त्या पत्रावरून कळत नाही. तंजावरच्या मोडी दफ्तरात छत्रांचे हिशेब आहेत, आणि तो तपास मोडी जाणणाऱ्या संशोधकांनी करण्याजोगा आहे. शिवाय त्या काळी बहुसंख्य स्त्रिया घरीच, मरुत्तुवच्चीच्या म्हणजे तमिळ सुईणीच्या हातून मोकळ्या होत. छत्रात येणारी स्त्री ही अपवादात्मक, वाटेत अडलेली स्त्री होती.

पण नेमके हेच महत्त्वाचे आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रूढी. परमुलखात राहणाऱ्या मराठी वाचकांना या रूढीचे मोल अधिक कळेल, कारण लेकीच्या बाळंतपणासाठी समुद्र ओलांडून जाणाऱ्या आया त्यांच्या घरोघरी आहेत. ज्या स्त्रीला त्या घडीला माहेर नाही, तिच्यासाठी छत्राने माहेराची जागा घ्यावी, असे तंजावरच्या राज्याने ठरवले होते. ठरवले म्हणजे मनात आणले एवढेच नव्हे. ते कर्तव्य म्हणून लिहून ठेवले, आणि त्यासाठी उत्पन्न लावून दिले. माझ्यासारख्या प्रशासकाला या पत्रातील दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक, बाळंतिणीला मायेने वागवणे ही बाब खर्चाच्या आणि सेवेच्या यादीत नोंदलेली आहे. दुसरी, ती मध्यरात्रीची घंटा. कोणी मागायला येण्याची वाट न पाहता, कोण राहिले आहे हे विचारण्याची जबाबदारी देणाऱ्याने स्वतःवर घेतली होती.

१८०१ मध्ये त्या मायेपाशी प्रसूतीच्या कळा थांबवणारे खात्रीचे औषध नव्हते. ते जगात कोठेच नव्हते. मद्रासचे सरकारी प्रसूतिगृह, पुढे एग्मोरचे रुग्णालय म्हणून नावारूपाला आलेले, १८४४ मध्ये सुरू झाले, तेव्हाही नव्हते. १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी प्रसूतीसाठी आधी ईथर व नंतर क्लोरोफॉर्म वापरले, आणि वादळ उठले. वेदना हा ईश्वरी संकेत आहे, ती नाहीशी करणे अधर्म आहे, असे आक्षेप आले. काही वैद्यांना सुरक्षिततेची शंका होती, आणि ती निराधार नव्हती. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाला राजपुत्र लिओपोल्डच्या जन्मावेळी डॉ. जॉन स्नो यांनी क्लोरोफॉर्म दिले, तेव्हा विरोधाचा जोर ओसरू लागला. राणीला मिळाले म्हणून ते सभ्य ठरले. परंतु गिरणीकामगाराच्या बायकोपर्यंत ते पोहोचायला आणखी दोन पिढ्या जाव्या लागल्या.

ते पोहोचले कसे, हा शुद्ध प्रशासनाचा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये गरीब स्त्रीची प्रसूती डॉक्टर करीत नसे, सुईण करीत असे. आणि वेदनाशमनाचा अधिकार मात्र डॉक्टरकडे होता. १९३३ मध्ये लिव्हरपूलच्या डॉ. मिनिट यांनी नायट्रस ऑक्साइड आणि हवा यांचे मिश्रण स्त्रीला स्वतःच्या हाताने घेता येईल असे उपकरण बनवले. १९३६ मध्ये सुईणींच्या नियामक मंडळाने प्रशिक्षित सुईणींना ते वापरण्याची अनुमती दिली. १९४९ मध्ये ही सोय सर्वत्र उपलब्ध करून देण्यासाठी संसदेत एक खासगी विधेयक आले. ते मंजूर झाले नाही, पण प्रसूतीच्या कळा हा कायदेमंडळात बोलण्याचा विषय झाला. उपकरण मोलाचे होतेच. खरा बदल घडवला तो अधिकार कोणाला द्यायचा या निर्णयाने.

एपिड्युरलची कथाही अशीच आहे. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत बधिरता आणणारे औषध सोडण्याची ही पद्धत. कमरेच्या भागातून १९२१ मध्ये ती शस्त्रक्रियेसाठी मांडली फिदेल पाजेस या स्पॅनिश लष्करी शल्यविशारदाने. अमेरिकेत १९४२ च्या सुमारास प्रसूतीसाठी अखंड औषध देत राहण्याचे तंत्र रूढ केले रॉबर्ट हिंगसन आणि वाल्डो एडवर्ड्स यांनी, आणि हे दोघेही सरकारी सार्वजनिक आरोग्य सेवेतील डॉक्टर होते. म्हणजे जे तंत्र आज आपल्याकडे महागड्या खासगी रुग्णालयाचे वैशिष्ट्य समजले जाते, त्याच्या जडणघडणीत सरकारी नोकरांचा मोठा वाटा आहे. आज कमरेत सुई घालून तिच्यातून एक बारीक नळी आत ठेवतात आणि तिच्यावाटे अल्प मात्रेत औषध देतात. स्त्री शुद्धीवर राहते, बोलते, जोर लावू शकते. वेदना मात्र बरीच उणावते. रक्तदाब उतरणे, कधी डोकेदुखी, जोर लावण्याचा टप्पा लांबणे असे त्रास संभवतात, म्हणून देखरेख लागते. यामुळे सिझेरियनचे प्रमाण वाढते ही समजूत मात्र मोठ्या अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात टिकलेली नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला फ्रान्सचे उदाहरण बोलके वाटते. तेथे १९८१ मध्ये शंभर बाळंतिणींपैकी सुमारे चौघींनाच एपिड्युरल मिळत असे. १९९४ मध्ये आरोग्यमंत्री सिमोन व्हेल यांच्या कारकिर्दीत, वैद्यकीय कारण असो वा नसो, इच्छा असलेल्या स्त्रीच्या एपिड्युरलचा खर्च सामाजिक विम्यातून देण्याचे ठरले. १९९८ मध्ये प्रसूतिगृहात भूलतज्ज्ञाची उपस्थिती कशी असावी, हे तेथील वार्षिक प्रसूतींच्या संख्येशी जोडून नियमबद्ध केले गेले. २०१६ च्या राष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण शंभरात ऐंशीच्या वर गेले. आधी किंमत हटवली, मग मनुष्यबळाचा मापदंड ठरवला. यांपैकी एकच गोष्ट केली असती तर दुसरीच्या अभावी ती निष्फळ ठरली असती.

आता पुन्हा तंजावरला येऊ. तेथील सरकारी प्रसूतिसेवेचा मोठा भार वाहणारे रुग्णालय राजा मिरासदार रुग्णालय या नावाने ओळखले जाते. राजघराण्याची जमीन आणि मिरासदारांच्या वर्गण्या यांतून ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले, आणि हा इतिहास त्याच्या नावातच आहे. पुढे ते तंजावर वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडले गेले. छत्रातल्या एका खोलीपासून महाविद्यालयाच्या प्रसूतिविभागापर्यंतचा हा प्रवास एकाच गावात पाहायला मिळतो.

तमिळनाडूची या क्षेत्रातील कामगिरी देशात अग्रगण्य आहे, हे निःसंकोच सांगितले पाहिजे. १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्थापन झालेले महामंडळ इतर राज्यांना आदर्श ठरले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत चोवीस तास प्रसूतीची सोय झाली. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने मातांना आर्थिक साहाय्य मिळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार तेथील जवळजवळ सर्व, म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक प्रसूती संस्थांमध्ये झाल्या. २०१८-२० या कालावधीत देशाचा मातामृत्यू दर लाख जन्मांमागे ९७ होता, तेव्हा तमिळनाडूचा ५४ होता. महाराष्ट्राचा ३३ होता, हेही येथे नोंदवतो. आधी जीव वाचवा, वेदनेचे मग पाहू, हा युक्तिवाद एके काळी योग्यच होता. जेथे जीव वाचवण्याची व्यवस्था बऱ्याच अंशी उभी राहिली आहे, तेथे मात्र "मग" केव्हा, असे विचारण्याची वेळ आली आहे.

केंद्र शासनाने २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला. सरकारी संस्थेतील प्रसूती निःशुल्क, सिझेरियन निःशुल्क, औषधे, तपासण्या, रक्त, वाहन निःशुल्क. साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस भोजन. ही हक्कांची यादी उत्तम आहे. त्या यादीत प्रसूतीच्या कळांवरील उपचाराला स्वतंत्र स्थान नाही. २०१७ च्या 'लक्ष्य' उपक्रमाने प्रसूतिकक्षातील सन्मानपूर्वक वागणूक आणि सोबतीला आपले माणूस असणे यांवर भर दिला, ही पुढची पायरी होती. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, वेदनाशमन मागणाऱ्या निरोगी स्त्रीला एपिड्युरल द्यावे, अशी शिफारस केली. "मागणाऱ्या" हा शब्द येथे कळीचा आहे.

काही वर्षांपूर्वी कार्यालयीन पाहणीच्या निमित्ताने एका जिल्ह्याच्या सरकारी प्रसूतिकक्षाच्या नोंदवह्या मी चाळल्या. दाखल झाल्याची वेळ, रक्तदाब, हिमोग्लोबिन, बाळाचे वजन, पहिले स्तनपान, सर्व रकाने नेटके भरलेले होते. वेदनेविषयी रकाना नव्हता. एपिड्युरलविषयी विचारले तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी नम्रपणे उत्तर दिले, "मागणीच नाही, साहेब." ते खोटे बोलत नव्हते. पण जी वस्तू दुकानात ठेवलेलीच नाही, जिचे नाव गिऱ्हाइकाला सांगितलेले नाही, तिची मागणी नोंदवहीत दिसणार कशी? अर्थशास्त्रात मागणी म्हणजे इच्छा अधिक ऐपत. सरकारी प्रसूतिगृहात ऐपतीचा प्रश्न शासनाने सोडवला आहे. पण इच्छा निर्माण व्हायला आधी माहिती हवी. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांच्या लेकीसुनांना रुग्णालयात दाखल होताच एपिड्युरल हवे का असे विचारतात, आणि तेथे दहांपैकी सुमारे सात जणी या प्रकारचे वेदनाशमन घेतात. तंजावरच्या शेतमजूर स्त्रीच्या आणि त्यांच्या शरीरात काही भेद नाही. भेद आहे तो कोणी विचारले की नाही, याचा.

यावर सर्वांत सबळ आक्षेप भूलतज्ज्ञांच्या तुटवड्याचा. तो खरा आहे. एपिड्युरलची औषधे फार महाग नाहीत. महाग आहे ते रात्री दोन वाजता जागे असलेले प्रशिक्षित माणूस. पण याच तमिळनाडूत, वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणानुसार, सरकारी संस्थांतील ३६ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या (खासगीत हे प्रमाण ६३.८ टक्के होते). यांतील प्रत्येक शस्त्रक्रियेला भूल द्यावी लागली. म्हणजे मोठ्या सरकारी रुग्णालयांत भूल देणारा आहे. त्याची वाट शस्त्रक्रियागृहापर्यंत जाते आणि शेजारच्या प्रसूतिकक्षापर्यंत जात नाही. त्याचा परिणाम असा की, पोट फाडले जाणार असेल तर वेदनेपासून संरक्षण मिळते, आणि जी स्त्री बारा-चौदा तास कळा सोसून स्वतः मोकळी होते तिला मिळत नाही. हा विपर्यास कोणी जाणूनबुजून योजलेला नाही. पदे मंजूर करण्याच्या पद्धतीतून तो निपजला आहे.

उपाय कोठून सुरू करावा? माझ्या अल्पमतीने चार गोष्टी सुचतात. पहिली, वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न प्रसूतिगृहांत, जेथे भूलशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आहेत, प्रसूतिकक्षासाठी भूलतज्ज्ञाची स्वतंत्र पाळी मंजूर करावी आणि ती प्रसूतींच्या संख्येशी जोडावी. दुसरी, जेथे हे शक्य नाही अशा लहान केंद्रांत परिचारिकेच्या देखरेखीखाली घेता येणाऱ्या नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजनच्या मिश्रणाचा विचार व्हावा. त्याचा गुण एपिड्युरलइतका नसला तरी अजिबात काही नसण्यापेक्षा तो बरा. तिसरी, फेंटानिलसारखी औषधे अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येतात. २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक अमली औषधांची वाट सुकर केली आहे, तिचा लाभ प्रसूतिगृहांनी घ्यावा. चौथी आणि सर्वांत स्वस्त, गरोदरपणाच्या तपासणीतच स्त्रीला तिच्या भाषेत हे साधन, त्याचे लाभ आणि त्रास समजावून सांगावेत, आणि नोंदवहीत एक रकाना वाढवावा: वेदनाशमनाविषयी विचारले काय? तिने काय उत्तर दिले? कित्येक स्त्रिया नको म्हणतील, तोही त्यांचा अधिकारच. रकान्याने वेदना कमी होत नाही, हे मी जाणतो. पण तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत एक गोष्ट पुरेपूर शिकलो आहे. ज्याचा रकाना नाही त्याचा आढावा नाही, आणि ज्याचा आढावा नाही त्याला तरतूद नाही.

छत्रांची आणि आजच्या आरोग्यव्यवस्थेची सरळ तुलना करणे अन्यायाचे होईल. छत्रांत येणाऱ्या स्त्रिया मोजक्या होत्या. आज एकेका रुग्णालयात वर्षाला हजारो प्रसूती होतात. तीन महिने ठेवून घेणे आज कोणालाच शक्य नाही, आणि कोणी मागतही नाही. परंतु कारभार हातचा गेलेल्या एका राजाने परकीय अधिकाऱ्याला पत्र लिहिताना, आपल्या राज्याचे भूषण म्हणून, गरोदर स्त्रीला दिल्या जाणाऱ्या वागणुकीचा उल्लेख केला. आपल्या वार्षिक अहवालांत संस्थात्मक प्रसूतींची आणि मातामृत्यूची आकडेवारी आपण अभिमानाने देतो, आणि ती द्यावीच. त्याच पानावर, किती जणींना वेदनेविषयी विचारले गेले आणि मागितलेल्यांपैकी किती जणींना उपचार मिळाला, एवढे दोन आकडे पुढील अर्थसंकल्पी वर्षापासून निदान वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांनी द्यावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. एक परिपत्रक पुरेसे आहे.